तबकडी भांड्यासारखी घासू नये

ग्रामोफोनच्या तबकड्या पुन्हा वाजू लागल्या आहेत. आमच्या नागपूरच्या मनीषनगरात ज्यांनी अलीकडे नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला, त्यांतल्या अनेकांच्या माळ्यावर आजोबांची तबकड्यांची एखादी पेटी आधीपासूनच पडून होती. पेटी खाली उतरते, धूळ उडते आणि पहिला प्रश्न येतो: हे सगळे धुवायचे कशाने? उत्तर तयारच असते. शेजारी देतात, काका-मामा देतात, जुन्या रेकॉर्डी विकणारेही देतात. "भांडी घासायचा पातळ साबण घ्या, नळाखाली धरा, मऊ फडके गोल फिरवा. डाग हटला नाही तर स्पिरिटचा बोळा. मग गच्चीवर नाहीतर कूलरपुढे वाळवा. झाले काम."

हे मत आज जवळपास सर्वमान्य आहे. मला ते मान्य नाही. त्यातला एक भाग बरोबर आहे हे मी पुढे कबूल करणारच आहे. पण उरलेल्या भागाने किती तबकड्या कायमच्या बिघडवल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. म्हणून हा वाद वाचकांपुढे मांडतो. निवाडा त्यांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळासकट. हे मत मानणारे पाच मुद्दे सांगतात. तबकडी प्लास्टिकची असते, पाण्याने तिचे काही बिघडत नाही. तिच्यावरचा मळ म्हणजे धूळ आणि बोटांचे तेल, आणि तेलावर साबणाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. स्पिरिट उडून जाते, मागे काही ठेवत नाही. मागच्या दोन पिढ्यांनी हेच केले आणि त्यांच्या तबकड्या अजून वाजतात. आणि परदेशी बाटल्यांतली महागडी द्रावणे हा श्रीमंतांचा छंद आहे, मध्यमवर्गीय घराला तो परवडणारा नाही. यातला एकही मुद्दा मूर्खपणाचा नाही. अनुभवी, काटकसरी आणि संगीतावर प्रेम करणाऱ्या माणसांचे हे मुद्दे आहेत. म्हणूनच त्यांना हसून उडवून लावणे योग्य नाही. त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा घेऊ. तबकडी प्लास्टिकची असते. कोणती तबकडी?

जी. एन. जोशी हे नाव मराठी श्रोत्यांना नवे नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीसाठी गायली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात त्या तबकडीला अग्रस्थान मिळाले. पुढे हेच जोशी त्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही गाजलेली एलपी त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. एका माणसाच्या कारकिर्दीतल्या या दोन तबकड्या. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, दोन्हींच्या मधोमध कागदी लेबल. एकाच पेटीत शेजारी ठेवल्या तर नवख्या डोळ्याला फरक फक्त आकाराचा वाटेल. पण पहिली लाखेची आहे आणि दुसरी व्हिनाइलची. रसायनशास्त्राच्या दृष्टीने या दोन वस्तूंचे एकमेकींशी काहीही नाते नाही.

मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी शेलॅकची, म्हणजे आपल्या चपड्याची बनलेली असते. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर जे राळेसारखे कवच तयार करतो, ते शुद्ध केले की चपडा होतो. आपल्या विदर्भात गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलांना ही झाडे आणि ही लाख दोन्ही परिचित आहेत. तबकडीत हा चपडा बंधकाचे काम करतो. वजनाने जास्त भाग असतो तो दगडाच्या बारीक भुकटीचा, शिवाय थोडी काजळी आणि सुताचे तंतू. भारतात अशा तबकड्या १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या. एलपीचे व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीचा एक प्रकार: व्हिनाइल क्लोराइड आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट यांचे कोपॉलिमर. हे खरोखरच प्लास्टिक आहे, आणि पाण्याशी त्याचे भांडण नाही. पण म्हणून लाखेच्या तबकडीचेही नाही, असे म्हणता येईल का?

आता स्पिरिट पाहू. ते उडून जाते, मागे काही ठेवत नाही, हे खरे. पण जाण्याआधी ते काय करते? याचे उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कोणत्याही सुताराला विचारा. तो रंगाच्या दुकानातून चपड्याचे पिवळे-तांबूस पापुद्रे आणतो, बाटलीत भरतो आणि वर स्पिरिट ओततो. रात्रभरात पापुद्रे नाहीसे होतात आणि बाटलीत मधाच्या रंगाचे लाख-पॉलिश तयार होते. सुतार ज्या द्रवाने चपडा विरघळवतो, त्याच द्रवाचा बोळा आपण चपड्याच्या तबकडीवर फिरवायचा, आणि तेही स्वच्छतेच्या नावाखाली? बोळा काळा निघतो तेव्हा लोकांना मळ निघाल्याचे समाधान वाटते. तो काळेपणा तबकडीच्या अंगातल्या काजळीचा आहे. खोबणीच्या भिंतीवर जो आवाज कोरलेला होता, त्यातला थोडा त्या बोळ्यावर आलेला आहे. तो परत लावता येत नाही.

अमोनियाचेही तसेच. काचा पुसायच्या काही द्रवांत तो असतो, आणि चपडा अल्कलीतही विरघळतो. धुण्याचा सोडा, बोरॅक्स हेही त्याच कारणासाठी वर्ज्य. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नये, यावर जगातल्या ध्वनिसंग्राहकांचे आणि अभिलेखागारांचे एकमत आहे. इतके एकमत या क्षेत्रात क्वचितच आढळते.

व्हिनाइलवर स्पिरिट लावले तर काय होते? इथे माझ्याच बाजूचे काही लोक अतिशयोक्ती करतात, तीही खोडून काढली पाहिजे. स्पिरिटने व्हिनाइलमधला प्लास्टिसायझर निघून जातो आणि तबकडी ठिसूळ होते, असे ते म्हणतात. पावसाळी कोट किंवा पाण्याचा लवचिक पाइप यांच्या पीव्हीसीत प्लास्टिसायझर भरपूर असतो. एलपीचे व्हिनाइल कडक जातीचे, त्यात तो नगण्य. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल भरपूर पाण्यात मिसळून क्षणभर लावले तर व्हिनाइलचे ठळक नुकसान झाल्याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पण आपल्याकडे स्पिरिट म्हणून जे वापरले जाते ते बरेचदा शुद्ध नसते. करोनाच्या साथीनंतर तर घरोघरी उरलेले सॅनिटायझरच लोक बोळ्यावर घेतात. त्यात ग्लिसरीन असते, सुगंध असतो. ते दोन्ही उडून जात नाहीत. लेबलावरची शाई पसरते ती वेगळीच. तेव्हा पूर्वपक्षाचा हा मुद्दा लाखेच्या बाबतीत पूर्ण चूक आणि व्हिनाइलच्या बाबतीत अनावश्यक ठरतो.

यापुढचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तो मुद्दा पाण्याचा.

नळाच्या पाण्याने तबकडी बिघडत नाही, असे म्हणणारा माणूस नागपुरात राहतो हे मला पटायला जड जाते. मे महिन्याच्या शेवटी आपल्या कूलरची वाळ्याची ताटी काढून पाहा. एप्रिलमध्ये ती मऊ आणि सुगंधी होती. आता ती कडक झालेली आहे, काड्यांवर पांढरा थर बसला आहे, बोटाने दाबले तर कुरकुर आवाज करत पूड पडते. टाकीच्या कडेला पाण्याची रेघ पांढरी झालेली आहे. ही पूड आली कुठून? पाण्यातून आली. पाणी उडून गेले आणि त्याने विरघळवून आणलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम ताटीवर राहिले. मनीषनगर आणि बेसा-बेलतरोडीच्या बाजूला अनेक इमारती पूर्णपणे किंवा अंशतः बोअरच्या पाण्यावर चालतात. बेसाल्टच्या भेगांतून आलेले ते पाणी जड असणारच. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमची मर्यादा घालते, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत सूट देते. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेल्या पाण्यातही लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असू शकतात. पोटाला ते चालतात. खोबणीला चालतात का?

हिशेब करून पाहू. वीस मिनिटांची एलपीची एक बाजू ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने सुमारे ६६७ वेळा फिरते. एका फेरीत सुई सरासरी ६५ सेंटिमीटर चालते. म्हणजे एका बाजूची खोबण उलगडली तर ती ४३० मीटरच्या आसपास भरते. तिची रुंदी मात्र मिलिमीटरचा विसावा भाग, ५० मायक्रॉनच्या आगेमागे. नळाखाली धरून निथळत ठेवलेल्या तबकडीवर एका बाजूला दोन मिलिलिटर पाणी राहिले असे समजा. हे जास्त नाही. लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्यात एक मिलिग्रॅम क्षार आहेत. डोळ्याला दिसणारही नाहीत इतके. पण हा एक मिलिग्रॅम पाच-पाच मायक्रॉनच्या कणांत विभागला तर सुमारे तीस लाख कण होतात. निम्मे खोबणीबाहेर बसले असे धरा. उरलेले पंधरा लाख ४३० मीटरवर वाटा, आणि सुईच्या वेगाने भागा. दर सेकंदाला हजाराहून अधिक कण सुईच्या वाटेत येतात. प्रत्यक्षात ते असे सारखे बसत नाहीत. थेंब जिथे शेवटी आटतो तिथे थर जमतो आणि बाकी जागा मोकळी राहते. म्हणून धुतलेल्या तबकडीतून सलग खरखर न येता मधूनमधून टिचक्या ऐकू येतात. ऐकणारा म्हणतो, 'रेकॉर्ड जुनी आहे, चालायचेच.' रेकॉर्ड जुनी असेल. टिचकी कालची आहे.

आणि हा थर पुढच्या धुण्यात निघून जाईल, असेही समजू नये. क्षार एकदा वाळून बसले की साध्या पाण्याला सहज दाद देत नाहीत. नळाच्या तोटीवरचा पांढरा पापुद्रा आपण पाण्याने घालवतो का? त्याला लिंबू किंवा व्हिनेगर लागते. तबकडीला ते लावायची वेळ का यावी?

आरओचे पाणी चालेल का, हा प्रश्न रास्त आहे. नळाच्या पाण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. पण आरओ क्षार कमी करते, शून्य करत नाही, आणि आजकालच्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी काही क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते. एसीच्या नळीतून गळणारे पाणी जमवणारेही आहेत. ते वाफेपासून बनलेले असते हे खरे, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊनच ते बाहेर पडते. मग शुद्ध पाणी मिळते कुठे? ज्या घरात इन्व्हर्टर आहे त्या घरात ते आधीपासून असते. बॅटरीत घालायचे डिमिनरलाइज्ड पाणी गॅरेजपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे मिळते. सीलबंद बाटली घ्यावी, बॅटरीजवळ उघडी पडलेली घेऊ नये. श्रीमंतांच्या छंदाचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

ज्याला पटत नसेल त्याने स्वतः पडताळून पाहावे. काचेच्या स्वच्छ ताटलीवर एक चमचा नळाचे पाणी आणि दुसऱ्या ताटलीवर एक चमचा डिमिनरलाइज्ड पाणी ठेवावे. नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत दोन्ही आटतात. एका ताटलीवर कडे उमटते, दुसरीवर काही नाही. माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. ताटलीवर ठेवा.

आता साबण. कबुली द्यायची ती इथेच. तबकडीला केवळ पाणी पुरत नाही, हे पूर्वपक्षाचे म्हणणे बरोबर आहे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण इतका असतो की व्हिनाइलच्या अरुंद खोबणीत ते उतरायला नाखूश असते. थेंब वरच्या वर गोळा होऊन घरंगळतो. पृष्ठताण मोडणारा पदार्थ हवाच. पण तो कोणता आणि किती? अंगाचा किंवा कपड्यांचा वडीसाबण जड पाण्यात फाटतो. बादलीच्या काठाला चिकटणारा करडा साका तोच. तो खोबणीत बसला तर धुळीपेक्षा चिवट ठरतो. पातळ साबण फाटत नाही, पण त्यात रंग, वास, दाटपणासाठी मीठ आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. भांडे वाहत्या पाण्याखाली खळखळून निघते. पन्नास मायक्रॉनची खोबण तशी निघत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तबकड्यांसाठी जो मार्ग सुचवला, त्यात टर्जिटॉल या नॉन-आयोनिक डिटर्जंटचे अत्यंत विरळ द्रावण डिआयनाइज्ड पाण्यात करायचे असते. त्या प्रमाणाकडे लक्ष द्या. शेकडा अर्धा भागसुद्धा तिथे पुरेसा मानला जातो. आपल्याकडे चमचाभर साबण थेट तबकडीवर पिळला जातो. फेस जितका जास्त तितकी स्वच्छता जास्त, ही समजूत भांड्यांपुरती ठेवावी.

रिठ्याचे पाणी सुचवणारेही भेटतात. पैठणीला ते उत्तम आहे. तबकडीत मात्र फळाचा गर आणि सालीचे तंतू जातात, आणि पावसाळ्यात बुरशीला आयते खाद्य मिळते.

मागच्या पिढ्यांचा दाखला हा पूर्वपक्षाचा सर्वांत भावनिक मुद्दा आहे. मला त्याचा आदर आहे. पण पुरावा म्हणून तो टिकत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. एक तर ज्या तबकड्या वाचल्या त्याच आपल्यापुढे साक्षीला येतात. ज्या पुसट झाल्या, फुगल्या, वाकल्या त्या भंगारात गेल्या. त्यांची साक्ष कोण काढणार? दुसरे कारण यंत्राचे आहे. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचा. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असे. ७८च्या तबकडीची खोबण एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद. इतक्या भाराखाली लहानसहान कण चिरडले जात आणि उरलेला आवाज कर्ण्याच्या घोगरेपणात हरवून जाई. आजची हिऱ्याची सुई दीड-दोन ग्रॅम भाराने चालते आणि मायक्रॉनच्याही खालचे चढउतार वाचते. आजोबांच्या यंत्रावर जो मळ ऐकू येत नव्हता, तो नातवाच्या यंत्रावर ऐकू येतो. आजोबांची पद्धत आजोबांच्या यंत्राला पुरेशी होती. तिच्याकडून यापेक्षा जास्त मागणे तिच्यावरच अन्याय आहे.

वाळवण्याबद्दल मात्र मला थोडे कठोर बोलावे लागेल. नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेने २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश तापमान नोंदवले. ते सावलीतल्या हवेचे तापमान. त्याच दुपारी गच्चीच्या काळ्या पडलेल्या सिमेंटवर ठेवलेली काळी तबकडी किती तापत असेल? व्हिनाइल ६० अंशांच्या पुढे नरम पडू लागते. काळा रंग ऊन शोषतो, तबकडी स्वतःच्या वजनाने झुकते आणि बशीसारखी होते. ती पुन्हा सपाट करण्याचे सगळे घरगुती उपाय खोबणीचे आकार बिघडवतात. कूलरपुढे वाळवणे वरकरणी सौम्य वाटते. पण कूलरची हवा म्हणजे दमट हवा. तिच्यात पाण्याचा सूक्ष्म तुषार असतो, आणि रस्त्याची धूळ असते. वर्धा रोड, मेट्रो, उड्डाणपूल, सिमेंटचे रस्ते यांच्या बांधकामांतून आमच्या भागाने किती वर्षे धूळ खाल्ली ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. व्हिनाइलपेक्षा ते कितीतरी कठीण. ओल्या तबकडीवर ते येऊन चिकटतात, आणि मग पुढचे फडके त्यांनाच खोबणीवरून फरफटत नेते.

फेविकॉलची पद्धत इथे थोडक्यात आटोपतो, कारण तिचे समर्थक तरुण आहेत आणि प्रामाणिक आहेत. पांढऱ्या गोंदाचा जाड थर देऊन, तो वाळल्यावर सालीसारखा सोलून काढला की व्हिनाइलमधली खोल धूळ निघते हे खरे आहे. पण थर पातळ पडला किंवा कोरड्या हवेत एकसारखा वाळला नाही तर तो फाटतो आणि तुकडे खोबणीत अडकतात. लाखेच्या तबकडीवर तर तासन्‌तास ओला गोंद ठेवणे म्हणजे तडे गेलेल्या पृष्ठभागाला सोलून निघण्याचे आमंत्रण. एकच चूक झाली तरी जी पद्धत तबकडी घेऊन जाते, ती घरगुती म्हणून कशी सुचवावी?

याउलट "मुळात धुवूच नये, मखमलीच्या पॅडने कोरडे पुसावे" असे म्हणणारा एक पक्ष आहे. १९५९ साली पिकेट आणि लेमको यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रणांच्या जतनावर जो अहवाल लिहिला, त्यात व्हिनाइल हे सर्वांत टिकाऊ द्रव्यांपैकी एक ठरले. योग्य पाण्याने ते बिघडण्याची भीती निराधार आहे. उलट मे महिन्याच्या कोरड्या हवेत मखमल घासली की व्हिनाइलवर स्थिर विद्युत चढते आणि तबकडी खोलीतली धूळ ओढून घेते.

खंडन इतके पुरे. मंडन त्यापेक्षा लहान आहे.

धुणे म्हणजे द्रव लावणे, असे पूर्वपक्ष मानतो. माझे म्हणणे असे की धुण्याचा खरा भाग द्रव काढून घेण्यात आहे. मळ सुटतो डिटर्जंटने, पण तबकडीवरून जातो तो पाण्याबरोबर. आणि पाणी तिथेच आटू दिले तर मळ पुन्हा तिथेच बसतो, नव्या क्षारांसकट. बीबीसीसारख्या संस्थांच्या ग्रंथालयांसाठी कीथ मंक्स यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जे यंत्र बनवले, त्याचा गाभा खोबणीतले मळके पाणी हवेच्या ओढीने शोषून घेणाऱ्या नळीत होता. घरी ते यंत्र नसेल, पण तत्त्व पाळता येते.

आधी मऊ, कोरड्या ब्रशने मोकळी धूळ काढावी. ओल्या धुळीला फडका लावू नये. लेबलावर प्लास्टिकचे घट्ट झाकण दाबून धरावे. डिमिनरलाइज्ड पाण्याच्या लिटरभर बाटलीत बिनवासाच्या, बिनरंगाच्या नॉन-आयोनिक डिटर्जंटचे एक-दोन थेंब. ते मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने, गोल फिरवावे. आडवे कधीच नाही. लगेच स्वच्छ, न वापरलेल्या मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावे. टिपावे, घासू नये. मग फक्त डिमिनरलाइज्ड पाण्याने पुन्हा तेच, आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपणे. हे दुसरे टिपणे बहुतेक लोक गाळतात आणि मग पद्धतीला दोष देतात. शेवटी सावलीत, बंद खिडक्यांच्या खोलीत, उभी करून ठेवावी. पावसाळ्यात पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाकिटात घालू नये, आणि जुन्या बुरशी लागलेल्या पाकिटात तर नाहीच.

लाखेच्या तबकडीला हीच पद्धत, पण चपळाईने. पाणी थोडे, वेळ कमी, कोमट किंवा गरम अजिबात नाही. तडा किंवा कडेला टवका असेल तर पाणी लावूच नये. भुकटी आणि सुताचे तंतू ओल शोषतात आणि तडा वाढतो. आणि एखादी तबकडी वाकवली असता धातूची वाटली, कडेला अ‍ॅल्युमिनियम चमकले, तर ती धातूवर लॅकरचा थर दिलेली, एकमेव प्रत असू शकते. तिला घरी हात लावू नये.

मग ओळखायचे कसे? ७८ फेऱ्यांची, दहा इंची, जाड, जड, बोटाने टकटक केल्यास काचेसारखी वाजणारी, तीनेक मिनिटांत संपणारी तबकडी लाखेची समजावी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्कसारखे व्हिनाइलवरचे ७८ असतातही, पण मनीषनगरच्या माळ्यावर ते सापडण्याचा संभव कमी. संशय असेल तर लाखेची समजूनच वागावे. व्हिनाइलला लाखेसारखे वागवले तर काही बिघडत नाही. उलटे केले तर तबकडी जाते.

आणि ती गेली म्हणजे काय जाते, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. अब्दुल करीम खाँ यांचे ओडियनवरचे राग, बालगंधर्वांची नाट्यपदे, हिराबाई बडोदेकरांचे गाणे हे सगळे आधी लाखेवर आले. जुन्या मुद्रणांपैकी कित्येकांचे मूळ साचे आज शिल्लक नाहीत. उरल्या आहेत त्या घरोघरी विखुरलेल्या प्रती. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने अशा प्रती शोधून त्यांची नोंद करण्याचे मोठे काम केले. ते काम अजून संपलेले नाही, आणि आपल्या माळ्यावरची पेटी त्याचाच भाग असू शकते. तेव्हा ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना एवढीच विनंती: आधी तबकडी कशाची आहे ते पाहा, बॅटरीच्या पाण्याची एक सीलबंद बाटली आणा, आणि स्पिरिटची बाटली त्या खोलीच्या बाहेर ठेवा.